एका पानाला लागणारा वेळ

‘धरणाचे दरवाजे उघडण्यात आले व त्यात काही घरांचे नुकसान झाले.’

अशी वाक्यं आपण रोज वाचतो आणि पुढे जातो. याच एका वाक्यापाशी जरा थांबू. ‘उघडण्यात आले’ म्हणजे कुणी उघडले? मराठीतल्या या ‘-ण्यात आले’ची गंमत अशी, की कर्ता गाळला तरी वाक्य लंगडं वाटत नाही, उलट जास्तच अधिकृत वाटतं. मग येतं ‘त्यात’. ‘त्यामुळे’ लिहिलं असतं तर कारण आणि परिणाम एकमेकांना बांधले गेले असते आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. ‘त्यात’ म्हटलं की दोन घटना नुसत्या शेजारी बसतात. ‘काही’ हा शब्द मोजणी झालेली नसते तेव्हा येतो. झालेली असते पण सांगायची नसते तेव्हाही येतो. आणि शेवटी ‘नुकसान झाले’. पाऊस झाला, उशीर झाला, तसं नुकसान झालं. दहा शब्दांच्या वाक्यात पाणी सोडणारा माणूस कुठेच नाही.

यावरून लिहिणारा खोटं बोलतोय असं ठरत नाही. त्याला कदाचित ठाऊकच नसेल. म्हणून पुढचं काम म्हणजे दुसरा कागद शोधणं. दरवाजे किती वाजता उघडले याची नोंदवही, इशारा कधी दिला गेला आणि कुणापर्यंत पोचला याचा पुरावा, घरं गेलेल्यांचं म्हणणं. हे कागद एकमेकांशी कुठे जुळतात आणि कुठे अडतात ते पाहायचं. वाक्य उकलणं हे भाषा-साहित्याचं काम, कागद ताडून पाहणं इतिहासाचं, आणि पाणी सोडणं व घर वाहून जाणं यांत ‘जबाबदारी’ नेमकी कुठे बसते हे ठरवणं तत्त्वज्ञानाचं. मानव्यविद्या म्हणतात त्या बऱ्याच अंशी याच. नाव भारदस्त आहे, काम मात्र बैठ्या कारागिराचं.

पंधराव्या शतकातल्या इटलीत या अभ्यासाची जी यादी रूढ झाली तीत पाचच विषय होते: व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. ‘माणूस घडवणं’ हा विषय त्या यादीत नव्हता. आज मात्र कला शाखेची बाजू मांडायला उभा राहिलेला वक्ता हमखास तिथूनच सुरुवात करतो: साहित्य वाचलं की माणूस संवेदनशील होतो, इतिहास वाचला की शहाणा होतो. हा बचाव मला कधीच पटलेला नाही. विसाव्या शतकात छळछावण्या चालवणाऱ्यांत उत्तम संगीत ऐकणारे आणि उत्तम कविता वाचणारे लोक होते. शिवाय चांगुलपणा हाच निकष असेल, तर सेमिस्टरच्या शेवटी तो मोजणार कसा? जे मोजता येत नाही आणि खोटंही ठरवता येत नाही, त्यावर कुणी अनुदान मागितलं तर हिशेबनीस हसणारच. त्यापेक्षा आपण नेमकं काय शिकवतो, त्याला काय लागतं आणि ते कुठे फसतं, हे सांगितलेलं बरं.

१४४० साली लोरेन्झो वाल्ला या पंडिताने एक दस्तऐवज हाती घेतला. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टरला रोमसकट साम्राज्याचा पश्चिम भाग देऊन टाकला, असं सांगणारं ते दानपत्र. शेकडो वर्षं त्याचे दाखले दिले जात होते. वाल्लाने ते शब्द-शब्द सोलून काढलं. दानपत्रात सम्राट आपल्या ‘क्षत्रपां’चा उल्लेख करतो. क्षत्रप म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार; रोमच्या कारभारात ते कुठून आले? त्यात कॉन्स्टंटिनोपलचा धर्मपीठ म्हणून उल्लेख आहे, आणि दानपत्राचा काळ धरला तर ते शहर तेव्हा वसलेलंही नव्हतं. राजचिन्ह म्हणून सोन्याचा रत्नजडित मुकुट सांगितलाय, आणि त्या काळातली ती वस्तू म्हणजे डोक्याला बांधायची पट्टी. लॅटिन तर चौथ्या शतकातलं नाहीच. दानपत्र बनावट ठरलं. ते आठव्या शतकाच्या आसपास रचलं गेलं असावं, असं आज मानतात.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वाल्ला त्या वेळी नेपल्सच्या गादीसाठी लढणाऱ्या आरागॉनच्या राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी भांडण चाललं होतं. म्हणजे दानपत्र खोटं ठरावं यात वाल्लाच्या धन्याचा सरळ फायदा होता. तरीही युक्तिवाद टिकला, कारण तो वाल्लाच्या हेतूवर उभा नव्हता. ‘क्षत्रप’ हा शब्द दस्तऐवजात आहे की नाही, हे त्याचा शत्रूही उघडून पाहू शकत होता. ‘प्रत्येकाचा आपापला दृष्टिकोन असतो’ म्हणून मान हलवणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावं. दृष्टिकोन असतोच. पुरावा वेगळा मांडावा लागतो.

याहून कितीतरी मोठं काम महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे पोथ्या ताडून जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचं. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये त्याला हात घातला गेला आणि ते पूर्ण झालं १९६६ मध्ये. एकूण १९ खंड, आणि विचारात घेतलेल्या हस्तलिखितांचा आकडा १२५९. विष्णू सुखटणकरांनी १९२५ मध्ये संपादनाची सूत्रं घेतली आणि १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा निम्म्याहून अधिक काम बाकी होतं. कामाची रीत ऐकायला सोपी आहे. एक श्लोक घ्यायचा. चौकटी आखलेल्या कागदावर वर प्रचलित पाठ लिहायचा, एकेक अक्षर एकेका घरात. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. पोथीत जिथे अक्षर वेगळं असेल तिथेच, त्या घरात, ते लिहायचं. प्रत्येक पर्वाला किमान दहा पोथ्या, पुष्कळ ठिकाणी वीस-तीस, आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांना ६०.

पण बहुमत मोजून पाठ ठरत नाही. वीस पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील तर त्या वीस साक्षी मिळून एकच साक्ष. म्हणून आधी पोथ्यांची कुळं लावायची. काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि केरळच्या मल्याळम लिपीतली पोथी यांचा एकमेकींशी संबंध येण्याची शक्यता फार कमी. या दोघी एकच शब्द देत असतील तर तो शब्द दोघींच्या वाटा फुटण्याआधीचा, म्हणजे जुना. नकलणारा गाळतो कमी आणि भर जास्त घालतो, हा अनुभव धरून चालायचं. या कसोटीवर गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ संहितेबाहेर, परिशिष्टात गेली. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं. त्यात वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावाही संहितेत राहिला नाही. वस्त्रं येत राहतात. कुणी पुरवली हे जुना पाठ सांगतच नाही.

लोकांच्या मनातलं चित्र पुसायला निघालेलं काम म्हणून यावर रागावता येतं, आणि रागावलेही आहेत. पण गाळलेलं काहीच फेकून दिलेलं नाही. पाठभेद पानाच्या तळाशी, लांबलचक प्रक्षेप, म्हणजे मागाहून घातलेला मजकूर, परिशिष्टात. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नाही, त्याला उलटा निर्णय करायला लागणारी सगळी सामग्री त्याच आवृत्तीत. आणखी एक सोय आहे, माझ्या मते या आवृत्तीतली सर्वांत सुंदर. संहितेतल्या ज्या शब्दाबद्दल संपादकाची पुरती खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. आपल्याला किती माहीत आहे आणि कुठवर, हे अक्षराच्या मापाने दाखवलेलं.

असं वाचणं शिकवायचं कसं? व्याख्यानातून ते येत नाही. पोहणं फळ्यावर शिकवण्यातला प्रकार होतो. जर्मन विद्यापीठांना हे लवकर कळलं. हाले विद्यापीठात १७८७ मध्ये फ्रीडरिश वोल्फने भाषाशास्त्राचा सेमिनार चालू केला. पुढे बर्लिनमध्ये इतिहासकार रांके मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन बसायचा आणि मूळ साधनं टेबलावर ठेवून ती तपासायला लावायचा. हा साचा आजही सगळ्यांत चांगला आहे. बारा ते पंधरा विद्यार्थी, दीड तास, तीस-चाळीस ओळी. जास्त नको. आधी कुणीतरी तो उतारा मोठ्याने वाचायचा. वाचणारा कुठे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करायची, कारण अवघड जागा बहुधा तिथेच असते. मग प्रत्येकाने सरळ अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. मग खटकणारा शब्द: हा इथे का आहे, दुसरा का नाही? मग कोण कुणाशी बोलतंय, आणि ऐकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे असं धरलंय. मत सगळ्यांत शेवटी.

फसतं ते बहुतेक सरळ अर्थाच्या पायरीवरच. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या आणि लेखी अभिप्राय मागवले. त्यांनी मांडलेल्या अडचणींच्या यादीत पहिली अडचण हीच निघाली: कविता काय म्हणते एवढंच पुष्कळांना लागलं नव्हतं. मतं मात्र भरपूर होती. ही मुलं साहित्यच शिकणारी होती. नाव झाकलं की किती आधार जातो, हे आजही कुठल्याही वर्गात करून पाहावं.

दुसरी चूक शिक्षकाची. प्रश्न विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती त्याला सोसत नाही. दहा सेकंदांत तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. विद्यार्थी दोन आठवड्यांत शिकतात की गप्प बसलं की उत्तर मिळतं. अर्धा मिनिट थांबायचं, घड्याळाकडे पाहून थांबायचं. तिसरी चूक लेखकाच्या चरित्रात शिरण्याची. ओळीचा अर्थ लागेना की कवीचं बालपण काढायचं. त्यात तास छान जातो.

आणि मग निबंध. खरा पैसा जातो इथे, आणि खरी भांडणंही इथेच आहेत. पंधराशे शब्दांचा निबंध नीट वाचून समासात उपयोगी शेरे लिहायला पंचवीस मिनिटं तरी लागतात. ‘छान’ किंवा ‘आणखी सखोल हवे’ हा शेरा नव्हे. ‘पहिल्या परिच्छेदात “समाज” म्हणजे शहरातले वाचक, तिसऱ्यात “समाज” म्हणजे सगळेच, कुठला धरू?’ हा शेरा. ६० विद्यार्थी, सेमिस्टरला चार निबंध, म्हणजे २४० निबंध, सहा हजार मिनिटं, शंभर तास. एका विषयाचे. आणि शेरे वाचून विद्यार्थ्याने निबंध पुन्हा लिहिला नाही तर ते शंभर तास पाण्यात. म्हणजे पुनर्लेखन तपासायचा वेळ आणखी वेगळा. विद्यार्थी १२० केले की चाराचे दोन निबंध होतात, २४० केले की एक, आणि पुढे ‘थोडक्यात टिपा लिहा’. टिपा लिहायच्या म्हटल्या की गाईड आलं. विद्यार्थी आळशी झाले म्हणून गाईड खपतं असं म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा आहे.

अर्थतज्ज्ञ विल्यम बाउमोल यांनी १९६०च्या दशकात हाच पेच संगीताच्या बाबतीत मांडला. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागत होता तितकाच आजही लागतो, पण कारखान्यातली उत्पादकता वाढली की सगळ्यांचे पगार वाढतात. म्हणून ज्या कामात वेळ वाचत नाही ते दरवर्षी तुलनेने महाग होत जातं. निबंध तपासणं हे त्याच जातीचं काम. हे मान्य करावं. कला शाखेला खर्चच नसतो, खडू-फळा पुरतो, असं जे काही जण बचावात सांगतात ते अंगाशी येतं. खडू-फळ्यावर भागवायचं ठरलं की शंभर तास पहिले जातात.

कपात कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. विभाग एका ठरावाने बंद झाल्याच्या बातम्या येतात, पण त्याआधी तो दहा-पंधरा वर्षं झिजत असतो. एक प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही. त्याचे तास तासिका तत्त्वावर दिले जातात, आणि तासाचे पैसे घेणाऱ्याने निबंध कुठल्या वेळात तपासायचे? वरच्या पातळीचे ऐच्छिक विषय बंद होतात. भाषेच्या विभागात फक्त प्राथमिक वर्ग उरतात. नियतकालिकांची वर्गणी थांबते. चांगले विद्यार्थी हे सगळं पाहून दुसरीकडे जातात, आणि मग घसरलेली पटसंख्या हेच कारण म्हणून पुढे केलं जातं.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने जून २०१५ मध्ये ८६ राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवलं: मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचे विभाग बंद करण्याचा किंवा समाजाला जास्त गरज असलेल्या विषयांकडे वळवण्याचा विचार करा. गंमत म्हणजे याला आक्षेप घेणाऱ्यांत जपानमधली उद्योगपतींची संघटनाही होती. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांची विद्यार्थ्याने भरायची फी ११३ टक्क्यांनी वाढवली, आणि इंग्रजी व परदेशी भाषा मात्र स्वस्त गटात ठेवल्या. भाषा शिका, पण तिच्यात काय लिहून ठेवलंय ते विचारू नका, असा त्याचा अर्थ कुणी काढला तर दोष देता येणार नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये २८ अभ्यासक्रम आणि १४३ अध्यापकपदं काढली. परदेशी भाषांचे पदवी अभ्यासक्रम त्यात गेले.

आपल्याच लोकांचे दोषही आहेत. विज्ञानाची फूटपट्टी आपण निमूट स्वीकारली. नियतकालिकाचं वजन मोजणारा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा काढताना त्यातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेले संदर्भ मोजतात. इतिहासाच्या ग्रंथाचं पहिलं गंभीर परीक्षणच यायला दोन वर्षं लागतात! तरी बढतीसाठी आपण छोटे-छोटे निबंध पाडत राहिलो. आणि सिद्धान्ताच्या नावाखाली असं गद्य लिहिलं, की त्यातही ‘-ण्यात आले’सारखाच कर्ता सापडत नाही: ‘सत्ता प्रस्थापित होते’, ‘अर्थ विस्थापित होतो’. कोण करतं?

आता यंत्रं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे लिहिणारं यंत्र आलं, आणि पंधराशे शब्दांचा गुळगुळीत निबंध अर्ध्या मिनिटात मिळू लागला. घरी लिहून आणायचा निबंध ही कसोटी म्हणून संपली, यात मला शंका नाही. यंत्राने लिहिलेलं ओळखणारी यंत्रं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने वकिलांना दंड केला, कारण त्यांच्या अर्जात सहा असे खटले होते जे कधी झालेच नव्हते. खटले खरे आहेत ना, हे वकिलाने विचारलं होतं. पण विचारलं त्याच यंत्राला. कागद खरा आहे का हे कागदालाच विचारून चालत नाही, हा वाल्लापासूनचा धडा. तो कायद्याच्या महागड्या शिक्षणातून निसटला होता.

यावर उपाय आहेत, फक्त त्यांनाही तासच लागतात. निबंधाबरोबर कच्चे खर्डे मागायचे. प्रत्येकाची दहा मिनिटं तोंडी परीक्षा: ६० विद्यार्थी, दहा तास. तोंडीत शिक्षकाने तळटिपांपैकी कुठल्याही दोन निवडायच्या, आणि विद्यार्थ्याने ती पुस्तकं आणून पान उघडून दाखवायचं. जागच्या जागी, हाताने, अनोळखी वीस ओळींवर लिहायला लावायचं. यंत्राचाच निबंध वर्गात वाटून त्याचं दानपत्र करायचं: कुठला शब्द त्या काळाचा नाही, कुठलं विधान कुठल्याच साधनात सापडत नाही. हा शेवटचा प्रकार मुलांना आवडतो, आणि तीसेक ओळींना पूर्ण तास पुरत नाही.

यंत्राशी वैर धरण्यातही अर्थ नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम गावच्या ग्रंथालयातल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. उलगडायला गेलं की चुरा होतो. क्ष-किरणांनी त्यांच्या आतल्या घड्या टिपून, संगणकाला शाईचा माग काढायला शिकवून, ऑक्टोबर २०२३ मध्ये एका न उघडलेल्या गुंडाळीतून पहिला शब्द वाचला गेला: ग्रीक ‘पोर्फिरास’, जांभळा रंग. काही महिन्यांत त्याच गुंडाळीचे पंधराएक स्तंभ दिसू लागले, आणि तो मजकूर सुखाविषयी निघाला. शाई यंत्राने दाखवली. ती वाचली मात्र पपायरस वाचण्यात आयुष्य घालवलेल्या मूठभर लोकांनी. अर्धवट दिसणारी ती खूण कुठलं अक्षर, आणि त्या शतकातल्या ग्रीकमध्ये त्याच्या पुढे काय येऊ शकतं, हे ठरवायला असे लोक लागतात, आणि असा एक माणूस तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात.

पपायरस छापण्याची एक रीत १९३१ मध्ये लायडनला ठरली, ती आजही चालते. पूर्ण गेलेला मजकूर संपादकाने अंदाजाने भरला असेल तर तो चौकटी कंसात. अक्षर दिसतंय पण खात्री नाही, तर त्याखाली ठिपका. एका अक्षराखाली तो ठिपका द्यायचा की नाही, यावर दोन जाणकार दुपारभर वाद घालत बसू शकतात.